हिल्काचा अबोला

हिल्काची आणि माझी मैत्री होती असं कुणी समजू नका. इतकी वर्षं एकाच खोलीत, एक्स-रेपासून वाचवणाऱ्या जड शिशाच्या एप्रनखाली दोघींनी घाम गाळला, एकमेकींची कंबरदुखी ऐकून घेतली, बस्स. तिच्याशी मैत्री करायची तर गेंड्याची कातडी हवी, आणि माझी तेवढी जाड नाही. तिच्यावर जे ओढवलं त्यानं मी रात्रंदिवस रडले असं म्हणाले तर ते खोटं होईल. पण विसरता येत नाही, हेही खरं.

आमची खोली हॉस्पिटलच्या तळमजल्यावर. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून अर्धं अंग लुळं पडलेली माणसं तिथे आणतात. डॉक्टर जांघेतून बारीक नळी आत घालतो आणि ती पोटातून, छातीतून, मानेतून वर वर सरकवत नेतो. हिल्का एक्स-रेचं यंत्र चालवायची, ती नसली की मी. नळीतून औषध सोडलं की पडद्यावर रक्तवाहिन्या काळ्या रेघांनी उमटतात, पानं झडलेलं बर्चचं झाड दिसावं तशा. गुठळी असते तिथे फांदी मध्येच तुटलेली दिसते. त्या चित्रावरूनच डॉक्टरला कळतं, कुठल्या वळणानं जायचं, कुठे थांबायचं, गुठळी कुठे धरून ओढायची. चित्र धूसर आलं की डॉक्टर आंधळा. हिल्काची चित्रं कधी धूसर येत नसत, हे मात्र तिच्या शत्रूंनीही कबूल केलं असतं. आणि शत्रू काही कमी नव्हते.

नातेवाइकांना एक प्रश्न विचारावाच लागतो. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला? त्या उत्तरावर सगळं ठरतं, कारण रक्त थांबलं की मेंदू मरत जातो, आणि मेलेल्या भागाची वाट मोकळी करून काही हाती लागत नाही. खरं तर हा प्रश्न डॉक्टरनं विचारायचा. पण हिल्काला दम कुठला! स्ट्रेचर आत गेलं की ही बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी.

एकदा एका शेतकऱ्याला आणलं. सोबत त्याची म्हातारी बायको, पायात गोठ्यातले बूट तसेच. ती म्हणाली, "सकाळी गोठ्यात खाली बसला. मला वाटलं, दमला असेल, बसू दे जरा. मी आत जाऊन कॉफी घेतली."

"आणि मग?"

"मग गायींचं उरकलं."

"म्हणजे तुम्ही कॉफी ढोसत होतात तेव्हा त्याचा हात मेला," हिल्का म्हणाली, "आणि गायींचं उरकत होतात तेव्हा त्याची वाचा मेली. मेंदू म्हणजे काय काकडीच्या लोणच्याची बरणी वाटली, झाकून ठेवली की टिकेल?"

म्हातारीनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. मी हिल्काला आत ओढलं आणि म्हटलं, "अगं, जरा तरी लाज बाळग!"

"का? खोटं बोलले का मी?"

खोटं नव्हतंच. तेच तर तिचं हत्यार होतं. तक्रारी व्हायच्या, वरून समज मिळायची, ही मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आंधळी आहेत का ही माणसं?" असं ती जेवणाच्या टेबलावर म्हणायची. "समोरचं तोंड वाकडं झालेलं दिसत नाही? एका घरात राहतात ना?"

तिचं स्वतःचं घर कसं होतं ते सांगते. हिल्का सीमेकडच्या जंगलातल्या एका वस्तीत वाढली. बाप लाकूडतोड्या. आई अशी, की एकदा रागावली ती अख्खा हिवाळा बापाशी एक अक्षर बोलली नाही. आमच्याकडे नवरा-बायकोच्या अबोल्याला मुकी शाळा म्हणतात. पुष्कळ घरांत ही शाळा भरते, पण हिल्काच्या माहेरी ती कधी सुटतच नसे. आईनं पोरीला काय दिलं, तर ही विद्या. हिल्का ते अभिमानानं सांगायची. "ओरडणारी बाई मूर्ख असते गं सेइया. गप्प बसलं की नवरा आपोआप गुडघ्यावर येतो."

आणि तिच्या पदरात पडला कोण, तर ओइवा! जंगलातली मोठी यंत्रं दुरुस्त करणारा, खांद्यानं रुंद, आणि बोलका तर असा, की पेट्रोल भरायला थांबला तर तास मोडायचा. आमच्या या सावो भागातली माणसं तशीही बडबडी, त्यात हा सगळ्यांचा बाप. हॉस्पिटलच्या नाताळच्या जेवणाला यायचा तेव्हा भोवती हशा, आणि हिल्का शेजारी ओठ मुडपून बसलेली. एकदा तिच्या देखत मला म्हणाला, "सेइया, माझी बायको दिवसभर लोकांच्या डोक्यात काय अडकलंय ते बघते. माझ्या डोक्यात काय आहे ते तिनं अजून एकदाही विचारलेलं नाही." सगळे हसले. त्या हसण्यापायी त्याला नवीन वर्षापर्यंत मुकी शाळा झाली.

अबोल्याचे नियम कडक होते. बोलायचं नाही. चिठ्ठी लिहायची नाही. कॉफी एकाच कपाची करायची. आणि मुख्य म्हणजे तोंडाकडे बघायचं नाही. बघितलं की हसू येतं, आणि हसू आलं की हरलं. फारच नड असेल तर कुत्र्यामार्फत. "मुस्ती, त्याला सांग, बटाटे उकडलेत." दर वेळी हरायचा ओइवाच. न बोलता त्याचा जीव जायचा. चार दिवस झाले की मागे येऊन उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "बरं, माझं चुकलं. आता तरी बोल, बाई." यात त्याचं चुकलेलं असो वा नसो. हिल्का लगेच वळायची नाही. दोनदा म्हणायला लावायची. पुन्हा म्हण, नीट म्हण. मग वळायची.

हे सगळं ती आम्हाला हसत सांगायची. आम्हीही हसायचो.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणाआधी भांडण झालं ते कुक्कोवरून. राईच्या पिठाच्या जाड कवचात मासे आणि डुकराची चरबी भरून रात्रभर भाजलेला कुक्को. ओइवाची बहीण आइली हिनं तो केला होता. ओइवानं पहिला घास घेतला आणि चार पाहुण्यांत बोलून गेला, "आईच्या हाताची चव आइलीच्या हातात उतरलीय. आमच्याकडचा खायला करवत लागते." झालं! हिल्कानं काटा खाली ठेवला तो ठेवलाच.

सण मोडायचा नाही, म्हणून दोघं तळ्याकाठच्या लाकडी घरी गेले. एकाच गाडीतून. कुत्रा मध्ये.

सणाच्या दिवशी सकाळी हिल्का धक्क्यावर गालिचे धूत होती. आमच्याकडे उन्हाळा आला की चिंध्यांचे विणलेले गालिचे तळ्यावर नेतात, डांबराच्या वासाचा साबण लावून ब्रशनं घासतात. तिची घराकडे पाठ होती. ओइवा अंगणात सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचा आवाज थांबला. मग मागच्या फळ्यांवर पावलं वाजली.

इथून पुढचं मला हिल्कानं स्वतः सांगितलं. एकदा नव्हे, इतक्या वेळा की आता मीच तिथे उभी होते असं वाटतं.

तो मागे येऊन थांबला. त्याच्या तोंडून आवाज आला, "म... म..." मग नुसतीच घरघर. हिल्काला वाटलं, आला! हरला! माफी मागायचीय आणि जीभ जड झालीय बेट्याची. आतून तिला हसू फुटत होतं. ती मनात म्हणाली, पुन्हा म्हण. नीट म्हण, मग बघते. आणि ब्रश आणखी जोरात फिरवायला लागली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच, "म..." ती वळली नाही.

थोड्या वेळानं पावलं परत गेली. एक पाऊल वाजत होतं, दुसरं घासत होतं. तिनं ते ऐकलं. तिला वाटलं, चिडून पाय ओढतोय.

गालिचे कठड्यावर वाळत घालून ती घराकडे आली तेव्हा तो सौनाच्या पायरीवर बसला होता, भिंतीला टेकून. ती त्याच्या समोरून गेली. तोंडाकडे बघायचं नाही. तिनं बघितलं नाही. आत जाऊन एका कपाची कॉफी केली. मग खिडकीशी बसून दुपारभर शब्दकोडं सोडवलं. मुस्ती सारखा दाराशी येऊन कुंईकुंई करत होता. त्याला तिनं म्हटलं, "मुस्ती, त्याला सांग, अजून एकदा नीट बोलला की कॉफी मिळेल."

आइली आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भावाच्या घरात आपल्यापायी अबोला धरलाय, म्हणून बिचारी समेट करायला आली होती, हातात फडक्यात बांधलेला कुक्को. अंगणातूनच तिनं किंकाळी फोडली, "हिल्का! अगं ओइवाचं तोंड बघ! हिल्का, बघ त्याचं तोंड!"

तेव्हा हिल्कानं बघितलं.

हेलिकॉप्टर शेजारच्या शेतात उतरलं. त्या दिवशी आमच्या खोलीत ड्यूटी माझी होती. सणाच्या दिवशी माणसं मोजकी, डॉक्टर इलारी घरून धावत आला, केस ओले आणि मानेला बर्चचं पान चिकटलेलं. सौनात बर्चच्या डहाळ्यांनी अंग झोडून घेतात, तिथूनच उठून आला होता. स्ट्रेचरच्या मागे हिल्का दिसली, आणि पहिल्यांदा मला वाटलं, हिला कुणी सुट्टीतून का बोलावलं? मग ओइवा दिसला. उजवा हात लोंबत होता. डोळे उघडे होते, सगळं समजत होतं त्याला. मी म्हटलं, "ओइवा, मी सेइया." त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही.

इलारीनं तिला बाजूला घेतलं. "हिल्का, शेवटचा धडधाकट कधी होता?"

तिनं स्ट्रेचरकडे बघितलं.

"शेवटचं नीट कधी बोलला तुझ्याशी?"

काय सांगणार ती? बोलायला बंदी होती त्याला. आणि बघायला बंदी होती हिला. "सकाळी लाकडं फोडत होता," ती म्हणाली. "कुऱ्हाडीचा आवाज येत होता."

"आवाज नको. तू त्याला कधी बघितलंस?"

"माहीत नाही."

"म्हणजे? तुम्ही दोघंच होतात ना तिथे?"

"माहीत नाही म्हटलं ना!"

इलारी तरुण आहे, तिच्या हाताखालीच यंत्राकडे बघायला शिकला. त्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू ती त्याला अनोळखी होती. मग म्हणाला, "ठीक आहे. घड्याळावरून कळत नसेल तर चित्रावरून कळेल."

आधी स्कॅन केला. त्या चित्रात मेंदूचा मेलेला भाग लाल दिसतो. रक्तासाठी तडफडणारा पण अजून जिवंत असलेला भाग हिरवा दिसतो. लाल कमी आणि हिरवा जास्त असेल तर उशीर झाला तरी गुठळी काढायची. सगळंच लाल असेल तर चादर ओढायची आणि बाहेर जाऊन घरच्यांना सांगायचं. पडद्यावर चित्र उमटायला लागलं तशी हिल्का माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिला बाहेर काढायला हवं होतं, पण कुणाची छाती होती?

हिरवा पुष्कळ होता. मोठी वाहिनी बंद झाली तरी आजूबाजूच्या आडवाटांनी थोडं थोडं रक्त येत राहिलं होतं, त्यावर बिचारा मेंदू दिवसभर तगला होता. हातापायाचा भाग अजून हिरवा. लाल होता तो डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला. वाचा जिथे असते तिथे.

"करतोय मी," इलारी म्हणाला. "हात परत येईल, पायही येईल. पण बोलणं..."

"मला शिकवू नकोस," हिल्का म्हणाली. आवाज मात्र तिचा नव्हता.

तिला काचेपलीकडे उभं केलं. आइलीही तिथेच आली, कुक्को अजून हातात. ठेवायला जागाच सुचली नव्हती तिला. यंत्राशी मी. इलारीनं नळी वर चढवली, मी चित्र घेतलं, आणि ओइवाचं झाड उमटलं. डावीकडची मोठी फांदी मधूनच तुटलेली. मी हजार वेळा बघितलंय ते, पण ते ज्याचं असतं त्याचे विनोद मला पाठ नसतात. काचेपलीकडून माइकमधून हिल्काचा आवाज आला, "सेइया, कोन बदल. ते वळण झाकलं जातंय." मी बदलला. चित्र स्वच्छ आलं. इलारीनं बारीक तारेची जाळी गुठळीच्या आरपार नेली, थांबला, ओढली.

पहिल्याच ओढीत आली. काळ्या मनुकेएवढी गुठळी, त्यानं ती पांढऱ्या कापडावर ठेवली. मी पुन्हा औषध सोडलं. फांदी टोकापर्यंत भरली, बारीकसारीक डहाळ्यांसकट. इतकं सुंदर चित्र वर्षातून एखादंच येतं. इलारी हसून म्हणाला, "बघ हिल्का, पूर्ण उघडली!"

काचेपलीकडे कुणी हसत नव्हतं. रक्त आता त्या लाल जागेवरूनही वाहत होतं, आणि त्याचा तिथे काही उपयोग नव्हता.

मला त्या गोठ्यातल्या म्हातारीची आठवण झाली. कॉफी ढोसत होतात तेव्हा त्याचा हात मेला. ते वाक्य अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. दया आली म्हणून गिळलं असं नाही. आइली माझ्या आधी बोलली म्हणून राहिलं.

"तू दिवसभर त्याच घरात होतीस," आइली म्हणाली. माइक चालूच होता, आम्हाला आत स्पष्ट ऐकू येत होतं. "तुझं कामच हे आहे. तो मरत बसला होता पायरीवर. काय करत होतीस तू?"

हिल्कानं काचेवर हात टेकला.

"जिंकत होते," ती म्हणाली.

ओइवा काठी न घेता चालायला लागला. उजव्या हातानं चमचा धरता येतो, बूट घालता येतात. रिपोर्टवर "उत्तम निकाल" असं लिहिलंय, आणि ते खोटं नाही. फक्त बोलणं आलं नाही. समजतं सगळं. शब्द मात्र गेले ते गेले.

हिल्कानं काम सोडलं. आता ती घरी असते आणि बोलते. अरे देवा, किती बोलते! शरदात मी भेटायला गेले तर दारातूनच सुरू झाली. आज काय शिजवलंय, मुस्तीच्या पायाला काय झालंय, शेजाऱ्यानं कुंपण कुठवर सरकवलंय, सगळं ओइवाकडे वळून वळून. टेबलावर कॉफीचे दोन कप. ओइवा खिडकीबाहेर बघत बसला होता. मी असेपर्यंत त्यानं एकदाही बायकोच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मी कप धुवायला उठले तशी ती मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि माझा दंड धरला. "सेइया, त्या दिवशी त्याला काय म्हणायचं असेल गं? 'म' वरून काय? माझं चुकलं, हेच ना? का 'मदत' म्हणत होता?"

"मला काय ठाऊक?"

"तू चित्र बघितलंस. मीही पुन्हा मागवून बघितलं. एवढं सगळं दिसतं, कुठली वाहिनी कुठे गेली ते दिसतं, आणि..." तिनं दारातून ओइवाकडे बघितलं. "त्याला बोलता येत नाही, का माझ्याशी बोलत नाही?"

"येत नाही, हिल्का. तुला माझ्याहून जास्त माहितीय."

"हो," ती म्हणाली. "येत नाही."

मी कोट चढवला, ओइवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "येते रे, ओइवा. मोई!" आम्ही निरोप घेताना म्हणतो तसं, सवयीनं.

ओइवानं मान वर केली. माझ्या डोळ्यांत बघितलं. "मोई," तो म्हणाला. जरा जाड, पण स्पष्ट.

बोलायला शिकवणारी बाई सांगते, निरोपाचे, शिव्यांचे असले सवयीचे शब्द कधीकधी आपोआप निसटतात, त्यात मनाचा हात नसतो. हिल्कालाही ते माहीत आहे. पण तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती त्याच्या खुर्चीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली, तिची ती दुखरी कंबर घेऊन.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "ओइवा, माझ्याकडे बघून म्हण. एकदाच. पुन्हा म्हण ना."

ओइवानं खुर्चीचा हात धरला, हळूहळू वळला आणि तिच्याकडे पाठ केली.